मोहफुलांवरचा पहारा



चैत्राच्या सुमारास मुरबाड-शहापूरकडे पहाटे मोहाखाली बायकापोरे फुले वेचताना दिसतात. कल्याण-डोंबिवलीत इमारतींची दाटी झाली, पण थोडे आत गेले की हे दृश्य अजून आहे. या फुलांसाठी एके काळी खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांपुरता कायदा झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

वारली, कातकरी, ठाकूर यांच्या घरी मोह म्हणजे नुसती दारू नव्हे. वाळलेल्या फुलात साखर भरपूर. पावसाळ्याच्या तोंडावर कणगी रिकामी झाली की हीच फुले उकडून खायची. बियांचे तेल निघते. दारूही गाळली जाई, पण ती लग्नाला, देवाला, मयताला लागे म्हणून घरच्या घरी.

1878 साली मुंबई अबकारी कायदा आला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद झाल्या. दारू गाळायची ती उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांत आणि विकायची ती मक्तेदाराच्या दुकानात, सरकारी कर भरून. ताडीच्या झाडावरही जबर कर बसला. लोकांनी व्यसन सोडावे म्हणून दारू महाग केली, असे सांगितले जाई. पण दुकाने चालूच राहिली आणि तिजोरीत भर पडत गेली! महाग दारू परवडेना, तेव्हा लोक रानात चोरून गाळू लागले. हा माणसांचा माग कुठे कुठे काढणार? म्हणून 1892 साली मोहरा कायदा करून सरकारने फुलालाच धरले. परवान्याशिवाय फुले बाळगणे, विकणे हा गुन्हा ठरला. मक्तेदाराचा धंदा सांभाळताना गरिबाच्या भाकरीवर पहारा बसला, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच काळात गांजा-भांगेची चौकशी करायला 1893 साली एक आयोग नेमला गेला. त्याने 1894 साली सांगितले, की सरसकट बंदी नको. कर लावा, परवाने द्या. अफूचे तर बोलायलाच नको. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि सरकार त्यावर पैसा घेई. म्हणजे नशा तीच, पण सरकारच्या मापातून गेली तर व्यापार, घरच्या मडक्यातून निघाली तर गुन्हा. आजचा कडक अंमली पदार्थ कायदा पुष्कळ उशिरा, 1985 साली आला. त्यात अफू-गांजाच्या चोरट्या लागवडीला जबर शिक्षा आहे. कोणी कितीही भाव सांगितला तरी तुरीच्या ओळीत गांजा लावण्याच्या भानगडीत पडू नका.

स्वातंत्र्यानंतर 1949 च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर निर्बंध होते. 2021 साली महाराष्ट्र शासनाने फुले गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. दारू गाळायला मात्र आजही परवाना लागतो.

तेव्हा यंदा फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवू नका. त्याने वणवा लागतो आणि मोहाची रोपे जळतात. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या बांधा, म्हणजे फुलांना माती लागत नाही. स्वच्छ ताडपत्रीवर फुले खडखडीत वाळवा आणि पावसाआधी झाकणाच्या डब्यात भरा. ओल राहिली तर बुरशी धरते आणि व्यापारी भाव पाडतो.