डब्ल्यूएसएलचा कोड खुला झाला, पण ‘परमिशन’चा झोल तसाच!

मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएसएलचा, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीचा, कोड खुला केला. टाळ्या वाजल्या. पण विंडोजमधून लिनक्सच्या फाइल्स दाखवणारे ड्रायव्हर मात्र त्यात नव्हते. म्हणजे दोन सिस्टिम एकमेकींना भेटतात ती जागाच नेमकी झाकलेली!

उलट दिशेचा त्रास तर रोजचाच. अंधेरी असो की मुलुंड, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सर्व्हरची एसएसएच की डाउनलोड केलीत, ती सी ड्राइव्हवर पडली, आणि एसएसएच म्हणतं, ही की कुणालाही वाचता येतेय, मी वापरणार नाही. (बरोबरच आहे त्याचं.) तुम्ही ‘सीएचमॉड ६००’ मारता, तरी परमिशन ७७७ च. कारण विंडोज परवानग्या स्वतःच्या पद्धतीने, वेगळ्या यादीत ठेवतं. मालक, ग्रुप, बाकीचे हा लिनक्सचा हिशोब डब्ल्यूएसएल तिथे आपणहून लिहून ठेवत नाही.

सोपा उपाय: की लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करा, मग ६०० द्या. सी ड्राइव्हवरची कॉपी उडवा. फाइल्स तिथेच ठेवायच्या असतील तर डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फमध्ये ऑटोमाउंटखाली ‘मेटाडेटा’ पर्याय लिहा, डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून परत सुरू करा आणि सीएचमॉड पुन्हा चालवा.

फोनवर टर्मक्स वापरणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. शेअर्ड स्टोरेजवर तिथेही सीएचमॉडचं काही चालत नाही. मुळापासून शिकायचं तर पवईच्या आयआयटी बॉम्बेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर लिनक्सचे धडे मराठीत आहेत, तेही फुकट.