वंशवृक्ष कोणाच्या अंगणातला?

कुलवृत्तांत हा प्रकार मराठी घरांना नवा नाही. विसाव्या शतकात कित्येक कुळांनी वर्गणी काढून, गावोगावच्या भाऊबंदांना पत्रे धाडून जाडजूड ग्रंथ छापले. त्यांत दोष भरपूर होते. लेकींच्या शाखा बहुधा लग्नापाशीच खुंटत, सुनांची माहेरची नावे हरवत. परंतु एक गुण वादातीत होता. ग्रंथ एकदा घरी आला की तो उघडायला कोणाची परवानगी लागत नसे.

आज तेच काम आपण वंशावळीच्या संकेतस्थळांवर करतो आणि "माहिती तुमचीच, हवी तेव्हा उतरवून घ्या" या ग्वाहीवर विसंबतो. ही ग्वाही अर्धसत्य आहे.

उतरवून मिळते ती बहुधा जेडकॉम नावाची साधी मजकुरी फाईल. हा साचा लॅटर-डे सेंट्स चर्चने १९८४ साली सिद्ध केला. त्याच्या दीर्घकाळ रुळलेल्या ५.५.१ या आवृत्तीत छायाचित्रे येत नाहीत, त्यांचे पत्ते तेवढे येतात. खाते बंद झाले की ते पत्ते निरुपयोगी. कालगणना पाहावी तर ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू, इतकेच नव्हे तर फ्रेंच राज्यक्रांतीचीही आहे, शकाची नाही. माझ्या मामांनी पणजीची पुण्यतिथी 'कार्तिक वद्य एकादशी' अशी भक्तिभावाने नोंदवली होती. फाईल उतरवली तेव्हा तारखेची जागा कोरी होती. वास्तविक तिथी शब्दांत लिहून ठेवण्याची सोय त्या साच्यातही आहे, २०२१ च्या ७.० आवृत्तीत तर छायाचित्रांसह सारे एकत्र बांधण्याचीही आहे. तेव्हा अडचण तंत्राची नाही, अनास्थेची आहे. ज्याने माहिती भरून घेताना एवढी तत्परता दाखवली, त्याने परत देताना हात आखडावा, याला सेवा कसे म्हणावे?

कायदाही येथे सोबतीला नाही. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेला नियम आपली माहिती वापरता येईल अशा रूपात परत मागण्याचा हक्क देतो. आपल्या २०२३ च्या कायद्यात माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसून टाकण्याचा हक्क आहे. उचलून दुसरीकडे नेण्याचा नाही.

मात्र सगळा दोष दुकानदारावर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. तीच अपुरी फाईल आमच्यातल्या एकाने उत्साहाच्या भरात साऱ्या गोतावळ्याला पाठवली. तिथी गळाली होती, पण एका जिवंत माणसाच्या नोंदीतला 'दत्तक' हा शब्द शाबूत होता. जे त्याला चाळीस वर्षे ठाऊक नव्हते, ते एका दुपारी कळले. कोणाची तक्रार करणार? व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला वापर आपल्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तेथे उरतो तो केवळ विवेक, आणि तो आम्ही वापरला नव्हता.

कोणी म्हणेल, मग हा खटाटोपच नको, जुनी वही बरी. मला हे मान्य नाही. लेकींच्या शाखा पुढे वाढलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या याच पडद्यावर. म्हणूनच मागणी दुहेरी हवी. संकेतस्थळाने घेतलेले सर्व, छायाचित्रे आणि तिथींसह, परत द्यावे. आणि आपण फाईल पुढे धाडण्याआधी हयात माणसांच्या नोंदी गाळाव्यात, किंवा त्यांना विचारावे.

मृतांची माहिती अडवून ठेवू नये आणि जिवंतांची उधळू नये. आज नेमके याच्या उलट चालले आहे.