काचेतल्या समुद्राचे झाडूवाले

खाऱ्या पाण्याची काचेची टाकी घरात ठेवून तीत प्रवाळ वाढविण्याचा छंद परदेशांत बराच पसरला आहे. मुलाबाळांच्या भेटीसाठी तिकडे जाऊन आलेल्या आमच्या काही वाचकांनी अशी टाकी पाहिलीही असेल. या छंदाच्या दुकानांत मासे आणि प्रवाळ यांच्या जोडीला आणखी एक माल हमखास मिळतो. तो म्हणजे गोगलगायींचा आणि खेकड्यांचा जथा. 'सफाई पथक' या नावाने तो विकला जातो, आणि दर गॅलन पाण्यास एक प्राणी, असा ठोकताळाही गिऱ्हाइकास ऐकविला जातो. हे पथक नसेल तर टाकी शेवाळाने भरून जाईल, असे नवख्यास वाटू लागते. ते कितपत खरे, हा प्रश्न क्षुल्लक समजू नये. त्यात काचेच्या स्वच्छतेबरोबर पुष्कळ मुक्या जिवांच्या जगण्यामरण्याचाही प्रश्न गुंतलेला आहे.

टाकीत गोगलगाय सोडण्याची कल्पना आजची नव्हे. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे आपला एक प्रयोग मांडला. गोड्या पाण्याच्या भांड्यात त्याने दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशांनी तो घ्यावा आणि पाणी वारंवार बदलावे लागू नये, असा त्याचा हिशेब होता. परंतु काही काळाने पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्याने तळ्यातील गोगलगायी आणून भांड्यात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि हिरवा थर खाल्ला, आणि त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. आजच्या सफाई पथकाचा मूळ पुरुष हाच.

मात्र वॉरिंग्टनच्या भांड्यात मासे दोनच होते आणि वनस्पती भरपूर होती. आजच्या प्रवाळाच्या टाकीत मासे पुष्कळ असतात आणि त्यांना रोज बाहेरून अन्न घातले जाते. त्या अन्नाचे पुढे काय होते, हे पाहिल्यावाचून आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडावयाचे नाही.

माशाने खाल्लेल्या अन्नाचा काही अंश त्याच्या अंगी लागतो. उरलेला विष्ठा आणि अमोनिया या रूपाने पाण्यात येतो. खडकांवर आणि वाळूत राहणारे सूक्ष्म जंतू अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेटाचा काही भाग खडकाच्या आतल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या छिद्रांतील जंतू नायट्रोजन वायूत बदलतात, आणि तो हवेत निघून जातो. अन्नातून येणाऱ्या फॉस्फेटास मात्र अशी पळवाट नाही. ते पाण्यात, वाळूत आणि खडकात साचत जाते. नायट्रेट आणि फॉस्फेट ही शेवाळाची खते होत. त्यांवर दिव्याचा प्रखर प्रकाश पडला की शेवाळ माजलेच म्हणून समजावे.

आता गोगलगाय हे शेवाळ खाते, यात शंका नाही. परंतु खाल्लेले ती टाकीबाहेर नेत नाही. थोडे तिच्या शरीरात राहते, बाकीचे पुन्हा विष्ठा आणि अमोनिया होऊन त्याच पाण्यात येते. अंगणातील केर झाडून कोपऱ्यात लोटणे वेगळे आणि तो उचलून उकिरड्यावर नेऊन टाकणे वेगळे. गोगलगाय पहिले काम करते. दुसरे टाकीच्या मालकासच करावे लागते. आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलणे, पाण्यातील मळ फेसाबरोबर वर काढणारे प्रोटीन स्किमर नावाचे यंत्र साफ ठेवणे, वाढलेले शेवाळ हाताने उपटून टाकीबाहेर फेकणे आणि मुळात अन्न बेताने घालणे, ही ती कामे होत. समुद्रमीठ कालविण्यास नळाचे पाणी न घेता गाळून शुद्ध केलेले घ्यावे, हेही त्यातच आले. कारण नळाच्या पाण्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट आत येऊ शकतात.

मग गोगलगाय निरुपयोगी समजावी काय? तसेही नव्हे. शेवाळ कोवळे असतानाच ती ते खरवडते, म्हणून त्यास लांब वाढून प्रवाळावर पसरण्यास अवसर मिळत नाही. जेथे आपला हात किंवा काच घासण्याचे चुंबक पोहोचत नाही अशा खडकाच्या बेचक्यांत ती जाते. मात्र कोणती गोगलगाय कोणते काम करते, हे पाहून घ्यावे. ट्रोकस आणि टर्बो या जातींच्या गोगलगायी शेवाळ खातात. अ‍ॅस्ट्रियाही खाते, पण ती उलटी पडली तर बहुधा स्वतः सरळ होऊ शकत नाही, आणि कोणी उचलली नाही तर तशीच मरते. नासारियस वाळूत दडून बसते आणि अन्नाचा वास येताच सोंड वर काढून बाहेर पडते. ती उरलेसुरले मांस खाते, शेवाळास तोंड लावीत नाही. मार्गारिटा ही तर मुळात थंड समुद्रातली. प्रवाळाच्या टाकीतील पंचवीस अंशांच्या आसपासच्या ऊबदार पाण्यात ती फार काळ तग धरीत नाही. तरीही तिची विक्री होत आली आहे.

खेकड्यांची गोष्ट याहून निराळी. गोव्यातील आमच्या वाचकांनी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर शंख पाठीवर घेऊन धावणारे खेकडे पाहिले असतील. पथकात विकले जाणारे खेकडे बहुधा याच कुळातले. यांचे पोट मऊ असते, म्हणून त्यांना दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घर करावे लागते, आणि अंग वाढले की मोठा शंख शोधावा लागतो. टाकीत रिकामा शंख मिळाला नाही तर तो जिवंत गोगलगायीस मारून तिचा शंख बळकावतो. अशा रीतीने पथकातील एक सेवक दुसऱ्याचा काळ होतो. एमराल्ड नावाचा हिरवा खेकडा फुग्यांसारखे वाढणारे चिवट शेवाळ खातो म्हणून आणला जातो. पण भूक भागली नाही तर तो प्रवाळासही चिमटे काढू लागतो. शंखातला खेकडा थोडे शेवाळ आणि पडलेले अन्न खातो हे खरे, परंतु त्याच्यावाचून टाकीचे अडते असे एकही काम नाही. ज्यास तो आवडतो त्याने खुशाल ठेवावा, आणि निरनिराळ्या आकारांचे रिकामे शंखही टाकावेत. मात्र सफाईसाठी तो आवश्यक आहे, असे म्हणता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, समुद्रात तरी सफाई करणारे हेच प्राणी नव्हेत काय? आक्षेप योग्य आहे. १९८३ साली पनामाच्या किनाऱ्याजवळ लांब काट्यांच्या सी-अर्चिनांत एक रोग शिरला आणि सुमारे वर्षभरात कॅरिबियन समुद्रातील बहुतेक सी-अर्चिन मेले. काटेरी चेंडूसारखे हे प्राणी खडकांवरील शेवाळ चरून खात. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच विरळ झाले होते, आणि १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडला होता. सी-अर्चिनही गेल्यावर शेवाळास आवरणारे कोणी उरले नाही. १९७७ साली तेथील सुमारे निम्म्या तळावर प्रवाळ होता. १९९३ पर्यंत तो पाच टक्क्यांहूनही कमी राहिला आणि त्याची जागा शेवाळाने घेतली. चरणाऱ्या प्राण्यांचे महत्त्व याहून स्पष्ट दिसावयाचे नाही. परंतु समुद्रात भरती-ओहोटी आहे, अफाट पाणी आहे, आणि चरणाऱ्यास एक खडक संपला तर दुसरा खडक आहे. टाकीतील गोगलगायीस काचेपलीकडे जाता येत नाही.

आणि येथेच खरी वेदना आहे. नव्या टाकीत प्रथम तपकिरी आणि मग हिरवा थर चढतो. मालक घाबरून पन्नास गोगलगायी एकदम आणतो. पंधरा दिवसांत काच लखलखीत होते, आणि मालक संतुष्ट होतो. परंतु ज्या दिवशी काच लखलखीत झाली त्या दिवशी पन्नासांचे ताट रिकामे झाले, हे त्याच्या ध्यानी येत नाही. त्या उपाशी मरतात, हळूहळू आणि आवाज न करता. रिकामे शंख दिसतात तेव्हा त्यांची आयुर्मर्यादाच एवढी असावी, असे म्हणून तो पुन्हा पन्नास आणतो. मेलेल्यांचे देह कुजून पाण्यात अमोनिया वाढतो तो निराळाच. केरसुणी झिजली म्हणून आपण नवी आणतो. पण गोगलगाय ही केरसुणी नव्हे. जो जीव आपण घरात आणला, त्याचे काम संपल्यावरही त्याच्या पोटाची जबाबदारी आपलीच राहते.

तेव्हा उत्तर असे की, थोड्या गोगलगायी हितकर, खेकडे ऐच्छिक, आणि मालकाचे दोन हात आवश्यक. दोनशे लिटरच्या टाकीत आधी शेवाळ दिसू द्यावे, मग पाच-सहा ट्रोकस सोडाव्यात आणि महिनाभर पाहावे. नव्या पाण्याची सवय त्यांना थेंबाथेंबाने करून द्यावी, कारण क्षारतेतील एकाएकी झालेला बदल त्यांना सोसत नाही. माशांच्या रोगावर तांब्याचे औषध द्यावयाचे तर आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढून द्यावे. तांबे गोगलगायींस मारक आहे. काच फारच स्वच्छ राहू लागली तर समुद्री शेवाळाचा सुकविलेला तुकडा त्यांना खाण्यास ठेवावा.

आपल्या देशातील वाचकांस एक गोष्ट बजावून ठेवितो. आपल्या समुद्रातील खडक बांधणारे सर्व प्रवाळ २००१ साली वन्य जीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीस, घालण्यात आले. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून घरी आणणे हा गुन्हा आहे, मग तो मृत का असेना. मुलांना प्रवाळाचे कौतुक असेल तर ते समुद्रातच पाहू द्यावे. घरी गोड्या पाण्याचे भांडे, दोन मासे, थोडी पाणवनस्पती आणि दोन-तीन गोगलगायी एवढे पुरेसे आहे. वॉरिंग्टनने तेवढ्यावरच पुष्कळ शिकून घेतले. मात्र भांड्यातले पाणी बदलण्याचा वार ठरवून तो मुलांकडूनच पाळून घ्यावा.