बांधावरच्या गप्पा : गाय, चिलखत आणि गेलेली लाईट

मंडळी, शिमग्याला आपल्याकडे पोरे सोंगे घेतात. कुणी राजा होतो, कुणी वाघ होतो, आणि घटकाभर सारा गाव त्याला राजा नाहीतर वाघच मानतो. तशी सोंगे आता इंटरनेटवरही घेता येतात. त्या खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. पडद्यावर आपला एक गडी असतो. त्याला आपण हिंडवायचे, लढवायचे, चार पैसे कमवायला लावायचे. त्याच वेळी जगभरातले हजारो लोक आपापले गडी घेऊन त्याच मुलखात फिरत असतात.

आम्ही तिघांनी हे सोंग २००६ साली घेतले. तालुक्याच्या कॉलेजात शिकत होतो. समोरच नेट कॅफे होता, तासाला वीस रुपये. घरून एस.टी.च्या तिकिटाचे पैसे मिळत. आम्ही पास काढला होता, ही गोष्ट मात्र घरी सांगायची राहून गेली होती. खेळाचे नाव रुनस्केप. अँड्र्यू आणि पॉल गोवर या भावांनी तो २००१ साली इंग्लंडात सुरू केला. फुकट खेळता येई, म्हणून आमच्यासारख्यांना परवडला.

आमच्यातला एक काडीसारखा बारीक, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. दुसरा वायरमनचा पोरगा. तिसरा मी.

या खेळात नवा गडी लंब्रिज नावाच्या गावात उतरतो. तिथल्या वाड्यातला आचारी रडकुंडीला आलेला असतो. सरदाराचा वाढदिवस, केक करायचा, आणि घरात सामान नाही. त्याला एक अंडे, एक बादली दूध आणि मडकेभर पीठ आणून द्यायचे. आम्ही शेतकऱ्याची पोरे. म्हटले, हे तर घरचेच काम!

एके दिवशी मी गाईपाशी बादली लावून बसलो होतो, तोच पाठीमागून ओळखीचा खोकला आला. वळून पाहतो तर आमचे अण्णा. बाजाराला आले होते, कुणीतरी चुगली केली होती.

“काय चाललंय?”

तोंडातून खरे तेच निघून गेले. “दूध काढतोय.”

सारा कॅफे हसला. अण्णा हसले नाहीत. वाकून पडद्याकडे पाहू लागले. मी भीतभीत बटण दाबले. बादली भरली.

“कास धुतली न्हाईस, वासरू पाजलं न्हाईस, पान्हासुदिक सोडला न्हाई तिनं, अन् बादली भरली?”

“हो.”

“मग त्या सायबाला इचार, ही गाय कुठल्या बाजारात मिळती. अन् तवर घरला चल. आपली म्हस अजून हातानंच पिळावी लागती.”

पुढे वर्षभर धारेच्या वेळी अण्णा मला “या, लंब्रिजचे गवळी” अशीच हाक मारत.

पैलवानाची तऱ्हा वेगळी. नवे गडी सुरुवातीला कोंबड्या आणि गाई मारून हात बसवतात. गाईचे कातडे विकले जाते, पैसे येतात. पैलवान म्हणाला, “कोंबडी चालंल. गाईवर हात टाकणार न्हाई.” आम्ही किती समजावले की ही चित्रातली गाय आहे. तो ऐकेना. लोक कातडी विकून पुढे गेले आणि हा महिनाभर कोंबड्यांच्या मागे धावत राहिला. आणलेली कोंबडी शिजवायला बसला की निम्मी करपवायचा. घरी मात्र याला चूल पेटवता येत नव्हती, त्यामुळे आम्ही यालाही प्रगतीच समजलो.

अशा कष्टाने त्याने एक हिरवे चिलखत घेतले. दोन दिवस तो कॉलेजात छाती काढून चालला. तिसऱ्या दिवशी खेळात एक अनोळखी गडी भेटला. म्हणाला, “तुझ्या चिलखताला सोनेरी काठ लावून देतो, फुकट.” पैलवान हरखला. त्याने चिलखत त्याच्या हवाली केले. पुढच्या क्षणी तो गडी नाहीसा! खेळात असे काठ लावायचे काम मुळात कुणाला येतच नाही, ही माहिती आम्हांला नंतर मिळाली. त्या फसवणुकीत जगभरचे नवखे गडी सापडत होते. आम्ही पैलवानाला “काठवाले” म्हणू लागलो.

वायरमनच्या पोराने तर तिघांनाही बुडवले. ते दिवस भारनियमनाचे. खेळाच्या उत्तरेला एक रानवट मुलूख आहे. तिथे दुसऱ्याचा गडी आपल्याला मारू शकतो. मेले की मोजक्या तीन वस्तू आपल्याजवळ राहतात, बाकीचा ऐवज जमिनीवर पडतो. आम्ही सगळी कमाई अंगावर घालून निघालो. मी विचारले, “लाईट जाणार नाही ना?” तो ऐटीत म्हणाला, “चारपर्यंत नाही. आमच्या दादांनीच सांगितलंय.”

साडेतीनला ऐन लढाईत कॅफे काळोखात बुडाला. लढाई चालू असताना तार तुटली तर गडी लगेच नाहीसा होत नाही. थोडा वेळ बुजगावण्यासारखा उभा राहून मार खातो. लाईट आल्यावर पाहतो तर तिघेही मरून पुन्हा लंब्रिजला उभे. बाहेर येऊन पाहिले, तर समोरच्या खांबावर याचेच दादा चढलेले!

कॉलेज संपले, आम्ही पांगलो. पण पैलवानाच्या त्या चिलखताची आठवण एकदा निराळ्याच ठिकाणी झाली. काही वर्षांनी त्यांच्या दारात दोन माणसे आली. “दागिने उजळून देतो, पैसे नकोत.” आईने गळ्यातली बोरमाळ काढून हातात घेतली होती. पैलवान गोठ्यातून ओरडला, “आई, देऊ नको! हा काठवाला हाय!” आईला काही कळले नाही, त्या दोघांनाही नाही. पण आई थबकली आणि ते दोघे फटफटीवर बसून पसार झाले. तेव्हापासून त्याला काठवाले म्हणताना आमची जीभ जरा जड होते.

२०१३ साली त्या कंपनीने हा जुना खेळ पुन्हा उघडला आणि २०१८ पासून तो मोबाइलवरही आला. आम्ही तिघे परत जमलो. पैलवान चाकणला कारखान्यात आहे. वायरमनचा पोरगा आता स्वतः वायरमन. मी शेतात. रात्रपाळीची लाईट असली की मी विहिरीवर बसून पाणी देतो आणि पाळी बदलेपर्यंत आम्ही तिघे पडद्यावरच्या ओढ्याकाठी मासे धरतो. मासे कमी, गप्पा जास्त. कुणाच्या घरी दुखणे आहे, कुणाचा हप्ता थकलाय, हे तिथेच कळते.

आता माझा पोरगाही मोबाइलवर खेळतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून मनाई केली, ते बरे झाले. तशा खेळाला घरात थारा नाही. बाकी मी त्याला “काय खेळतोस?” असे विचारत नाही. “कुणाबरोबर खेळतोस?” असे विचारतो. शाळेतल्या मित्रांची नावे आली की निश्चिंत होतो. अनोळखी नाव आले की शेजारी बसून काठवाल्याची गोष्ट सांगतो.

परवा रात्री उसाला पाणी सोडून मासे धरत बसलो होतो. सहज विचारले, “वायरमन, आज लाईट टिकेल ना?”

त्याने लिहिले, “पाचपर्यंत हलत नाही. मी स्वतः सांगतोय.”

मी ते वाचतोय, तोच मोटर बंद पडली.