आधी वारा, मग एसी!

मित्रहो, आपल्या वर्कशॉपमागच्या शेडमध्ये एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे हे फर्स्ट इयरच्या पोरांना कदाचित माहीत नसेल. गेली दोन वर्षं टीई आणि बीईची मंडळी सबमिशनमधून वेळ काढून तिला जिवंत करतायत. या 31 मे ला वर्कशॉपचे मामा रिटायर होणार आणि त्यांना त्याच गाडीतून साताऱ्याकडे त्यांच्या गावी सोडायचं असं ठरलंय. मामी आणि नातवंडंही सोबत असणार. कल्पना झकासच आहे. पण भर मे महिना, वाटेत घाट आणि गाडीत पाच माणसं! म्हणून मीटिंगमध्ये सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं, "वर्गणीतून एसी बसवू." मी एकट्याने विरोध केला. तेव्हापासून मेसमध्ये माझं नाव 'पंखेवाला' पडलंय. पडू दे! पण माझं म्हणणं निदान एकदा नीट ऐका.

ही गाडी मुळात फियाट 1100 ची. इटलीत डिझाईन झाली, मुंबईत कुर्ल्याला बनली. 1089 सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम 40 अश्वशक्ती. एसीचा कॉम्प्रेसर त्यातली तीन-चार तरी सहज खाणार. सपाट रस्त्यावर ते खपून जाईल, पण घाटात सेकंड गिअरला एकेका अश्वशक्तीची किंमत कळते. शिवाय कंडेन्सर बसणार रेडिएटरच्या पुढ्यात, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली. त्याचा पंखा फिरतो इंजिनाच्याच पट्ट्यावर. गाडी रांगत असताना, म्हणजे नेमकी हवा लागते तेव्हाच, तो हळू फिरतो. राहिली वीज. कॉम्प्रेसरचा क्लच, ब्लोअर आणि कंडेन्सरचा पंखा मिळून वीसेक अँपिअर सहज मागतात. आपल्या गाडीला आहे जुना डायनॅमो, जो आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे एका एसीपायी अल्टरनेटर आला, मोठा रेडिएटर आला, वेगळा पंखा आला. आणि एवढं करूनही घाटात गाडी उकळली तर मामांचा निरोप समारंभ रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून साजरा करायचा का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाडी तापते कशाने? दुपारच्या उन्हातून चौरस मीटरला 900 ते 1000 वॅट येतात. छप्पर काळं असेल तर त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त शोषले जातात, पांढरं असेल तर साधारण पाव हिस्सा. आपल्या कमिटीने 'क्लासिक लूक' म्हणून गाडीला कोणता रंग ठरवलाय? संपूर्ण काळा! मुंबईची काळी-पिवळी आठवा. अंग काळं, पण टप पिवळा. टॅक्सी म्हणून पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, पण तिचा टप आपल्या प्लॅनपेक्षा शहाणा होता. दुसरी उष्णता येते इंजिनाच्या भिंतीतून, गिअरबॉक्सवरच्या पत्र्यातून आणि खालून जाणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपमधून. तिसरी आपली स्वतःची. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे 100 वॅटचा बल्ब असतो, पाच माणसांचे झाले 500.

म्हणून क्रम असा हवा. आधी उष्णता अडवा, मग वाऱ्याला वाट द्या, आणि एवढं करून भागलं नाही तरच थंडावा विकत घ्या.

अडवायचं कसं? रात्री एकाने इंजिनाच्या बाजूला बॅटरी धरायची, दुसऱ्याने आत पायापाशी डोकं घालायचं. जिथून उजेड दिसेल तिथून गरम हवा आत येते. वायरींची आणि केबलींची भोकं, चिरलेले ग्रोमेट सगळे बदला. गालिच्याखाली जाड फेल्ट आणि पत्र्याला फॉईलचं इन्सुलेशन लावा. छताचं अस्तर तसंही फाटलंय, बदलताना वर एक थर टाका. टपाला पांढरा रंग द्या. मात्र काचांना काळी फिल्म लावायच्या भानगडीत पडू नका. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे.

आता वारा. इथे आपले भावी इंजिनिअर एक साधी गोष्ट विसरतात : हवा बाहेर जायला वाट नसेल तर ती आत येत नाही! बाटलीत फुंकून बघा. पद्मिनीच्या पुढच्या दारांना ती तिकोनी काच आहे ना, ती शोभेची नाही. चालत्या गाडीत ती थोडी उघडली तर तिच्या मागच्या कडेला दाब कमी होतो आणि आतली हवा खेचली जाते. पूर्ण उलटी फिरवली तर तीच काच सुपासारखी वारा आत लोटते. पुढे सूप आणि मागच्या दाराची काच दोन बोटं खाली, बस्स, झाला वाऱ्याचा रस्ता. ताशी 50 किलोमीटरला समोरून सुमारे 110 पास्कल दाब फुकट मिळतो. उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहिलं की सगळं कळतं, व्हायवाची गरज नाही.

सिग्नलला मात्र हा दाब शून्य. तिथे 12 व्होल्टचा छोटा ब्लोअर हवा, तीन-चार अँपिअरचा. तो हवा आत ढकलणारा हवा, बाहेर खेचणारा नको. यावर मी अडून बसणार आहे. खेचणारा पंखा लावलात तर आतला दाब कमी होतो आणि उरलेल्या फटींतून इंजिनाचा भपका, डिकीच्या सैल रबरातून सायलेन्सरचा धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. मागच्या सीटवर डुलकी लागलेल्या नातवंडांना तो कळणार नाही, आणि आपल्यालाही नाही. ब्लोअरची हवा घ्यायची जाळीच्या पुढून, आणि नळी इंजिनाशेजारून जाते म्हणून तिला गुंडाळायचं. डिकीचं रबर तर एसी लावा वा न लावा, बदलायलाच हवं.

"पण वाऱ्याने गाडी बाहेरच्यापेक्षा गार होणार का?" असं मला एका मित्राने विचारलं. नाही होणार, हे कबूलच आहे. नागपूरला 45 डिग्रीत नुसता वारा म्हणजे भट्टीचा फुंकर. तिथे कोरड्या हवेत वाळ्याचा पडदा काम करतो, कारण किलोभर पाणी वाफ होताना साधारण 2400 किलोज्यूल उष्णता घेतं. कोकणातल्या दमट हवेत तोच पडदा नुसता ओला राहील. आपल्याला जायचंय साताऱ्याकडे आणि पहाटे पाचला निघायला कुणी बंदी घातलेली नाही! एवढं सगळं करूनही मामींना उकडलं तर पुढच्या बॅचने खुशाल एसी बसवावा. फटी बुजवलेल्या गाडीत तो लहानसुद्धा पुरेल. आज बसवलात तर भोक पडलेल्या माठात पाणी भरल्यासारखं होईल.

मित्रहो, एसी विकत आणून नटबोल्ट आवळायला इंजिनिअरिंग कॉलेज लागत नाही. उष्णता कुठून येते, वारा कुठून जातो हे शोधायला लागतं. मामांनी आपल्याला लेथवर पहिल्यांदा उभं केलं तेव्हा काय सांगितलं होतं? आधी माप घे, मग काप. त्यांच्याच गाडीवर त्यांचाच धडा विसरायचा का? येत्या शनिवारी रात्री जेवण झाल्यावर शेडमध्ये या. बॅटरी आणि उदबत्त्या माझ्याकडे आहेत. उजेड कुठून येतो ते सगळे मिळून बघू, आणि वर्गणीचं काय करायचं ते त्यानंतर ठरवू.