कार्यकारण म्हणजे नियती नव्हे

प्रतीत्यसमुत्पाद हा बौद्धांचा सिद्धान्त म्हणजे नियतिवादाचेच सोज्वळ रूप होय, असा फैसला एका विद्वान गृहस्थांनी नुकताच भर सभेत देऊन टाकला. त्यांची कैफियत थोडक्यात अशी : प्रत्येक गोष्ट कारणांपासून उद्भवते व त्या कारणांनाही कारणे असतात, तेव्हा माणसाच्या हाती काहीच उरत नाही, सर्वच परस्परांत गुंतलेले असल्यामुळे अन्यायाचा दोष कोणाच्याही पदरी घालता येत नाही, अविद्येपासून निघून जरामरणाशी थांबणारी बारा निदानांची मालिका निराशेची आहे, आणि कार्यकारणभाव तर बुद्धाच्या आधीही लोकांना ठाऊक होता.

शेवटचे दोन आक्षेप फार वेळ घेण्याच्या योग्यतेचे नाहीत. तीच मालिका प्रतिलोम क्रमाने निरोधापर्यंत जाते, आणि उरुवेलेस नेरंजरेच्या काठी बुद्धाने दोन्ही क्रमांचे चिंतन केले, असे विनयपिटकातील महावग्गाच्या आरंभीच नमूद आहे. अर्धी मालिका वाचून निराश होणाऱ्याने उरलेली अर्धी वाचावी. कार्यकारणभाव ठाऊक असणे निराळे, आणि ईश्वर व नित्य आत्मा या दोहोंचा आधार सोडून केवळ त्याच्यावर दुःखमुक्तीचा मार्ग उभारणे निराळे.

परंतु नियतिवादाचा आरोप असा सोडून देता येत नाही, कारण तो अज्ञानातून आला असला तरी त्याचा उपयोग मोठ्या हुशारीने केला जातो. बुद्धाच्या काळी नियतिवाद ही काल्पनिक वस्तू नव्हती. मक्खली गोसाल हा त्याचा प्रख्यात पुरस्कर्ता होता, आणि दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात त्याचे जे मत बौद्धांनी नोंदविले आहे, त्याचा आरंभच मुळी प्राण्यांच्या मलिनतेला हेतू नाही व प्रत्यय नाही, त्यांच्या शुद्धीलाही नाही, या विधानाने होतो. बल नाही, वीर्य नाही, पुरुषपराक्रम नाही, ही त्याची पुढची वाक्ये. ज्या नियतिवाद्याला बुद्धाने प्रत्यक्ष विरोध केला तो कारणे नाकारून नियतीपाशी पोहोचला होता. आमचे विद्वान कारणे मान्य करणाऱ्यालाच नियतिवादी ठरवितात. मूळ दफ्तर उघडण्याचे कष्ट न घेता निकाल लिहिला म्हणजे वादी आणि प्रतिवादी यांची अशी अदलाबदल होते!

अंगुत्तरनिकायातील तित्थायतनसुत्तात तर ही बाब उघड शब्दांत निकालात काढली आहे. माणसाचे सर्व सुखदुःख पूर्वकृतामुळे, ईश्वराच्या निर्मितीमुळे, अथवा कारणावाचूनच होते, ही तिन्ही मते बुद्धाने एकाच आधारावर फेटाळली : ती मानली म्हणजे हे करावे व हे करू नये या विवेकाला आणि प्रयत्नाला जागाच उरत नाही. संयुत्तनिकायात मोलिय सीवकाला उत्तर देताना पित्त, कफ, वात, ऋतू, बाहेरून झालेला आघात अशी वेदनेची आठ कारणे सांगितली असून कर्मविपाक हे त्यांपैकी केवळ एक आहे. येथे एका जुन्या वादाची आठवण होते. दुष्काळात अन्नान्न झालेल्यांना आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना तुमचे हे पूर्वकर्म आहे असे सांगणारे पंडित आपल्याकडे पुष्कळ झाले, आणि त्यांतील काहींनी बुद्धाचीही साक्ष काढली. ज्याने ते मत नावानिशी नाकारले त्याच्याच मुखी ते घालणे हा प्रमाद नव्हे, तो अपराध आहे.

दोषाच्या प्रश्नाविषयी इतकेच. बुद्धाचा शिष्य सारिपुत्त याने विज्ञान (म्हणजे जाणीव) व नामरूप (म्हणजे मन व देह) यांना एकमेकींच्या आधाराने उभ्या असलेल्या बोरूच्या दोन पेंढ्यांची उपमा दिली, आणि लगेच सांगितले की त्यांतील एक ओढून घेतली तर दुसरी पडते. परस्परावलंबनाने कोणतीही पेंढी नगण्य ठरत नाही. उलट प्रत्येकीला हात घालणे सार्थ ठरते.

आणि आता मंडन. हा सिद्धान्त माणसाला कारणे शोधावयास लावतो व सापडलेल्या कारणाची जबाबदारी त्याच्यावर टाकतो. चक्कवत्तिसीहनादसुत्तातील राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या निपजते. कूटदन्तसुत्तातील पुरोहित देहदंडाने चोर संपणार नाहीत असे राजाला बजावून शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन देण्याचा सल्ला देतो. चोराच्या कपाळी चोरी लिहिली होती असे यांतील कोणीच म्हणत नाही. पहिल्या कथेत दोषाचा माग राजाच्या खजिन्यापर्यंत पोहोचतो, दुसरीत उपाय तेथूनच निघतो. कारणांच्या या विचाराला जे दुबळेपणाचे तत्त्वज्ञान म्हणतात, त्यांनी आपल्या गावातील एका तरी दारिद्र्याचा माग असाच शेवटपर्यंत काढून पाहावा, आणि तो ज्याच्या दारी थांबेल त्याला जाब विचारावा.