वाळवंटी शहरातील सावली कोणाची?

दिनांक १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे पारा ५१ अंश सेल्सियसवर गेला. भारतात तोवर अधिकृतरीत्या नोंदले गेलेले ते सर्वोच्च तापमान होते. आठ वर्षांनी, मे २०२४ मध्ये, त्याच गावी तो पुन्हा ५० अंशांपर्यंत चढला. फलोदीच्या आग्नेयेस, मोटारीने काही तासांच्या अंतरावर, थरच्या वाळवंटाच्या कडेवर जोधपूर वसले आहे. २०११ च्या जनगणनेतच या शहराची वस्ती दहा लाखांवर गेली होती. एप्रिलपासून जूनच्या अखेरीपर्यंत तेथे वाळू उडवीत जे तप्त वारे वाहतात त्यांना तिकडे ‘लू’ म्हणतात. अशा दिवसांत तापमानाचा आकडा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. परंतु दुपारी दोन वाजता दगडाच्या वखारीतील हमाल, हातगाडीवरचा भाजीवाला, रस्ता झाडणारी स्त्री आणि घरोघर पार्सले पोचविणारा तरुण हे कोठे बसले होते, याची बातमी होत नाही.

हे लोक बसतात ते झाडाखाली, जेथे झाड असेल तेथे. वाळवंटी शहरातील सार्वजनिक उद्यानाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

उद्यान म्हणजे सुखवस्तू माणसांची चैन, अशी एक समजूत आपल्याकडे आहे, आणि खरे सांगावयाचे तर कामगार चळवळीतही ती थोडीफार आढळते. मजुरी, रेशन, घर, पाणी हे प्रश्न आधी, बागबगीचे नंतर. परंतु ज्याच्या घरी वातानुकूलित खोली आहे त्याला मे महिन्यात उद्यानाची गरज सर्वांत कमी असते. ज्याच्या घरावर पत्र्याचे छप्पर आहे, ज्याच्या एका खोलीत सहा माणसे राहतात, ज्याच्या भिंती दिवसभर तापून रात्री बारापर्यंत उष्णता बाहेर टाकीत राहतात, त्याचे बैठकीचे दालन म्हणजे सार्वजनिक बाग. अकोल्या-चंद्रपूरच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सूर्य कलला की जोधपूरच्या जुन्या गल्ल्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. घरून आणलेली चादर अंथरली जाते, पोरे ओल्या मातीत पाय भिजवितात, म्हातारी माणसे पत्ते मांडतात, घरात दिवसभर चुलीपुढे असलेल्या बायका प्रथमच पाय पसरून बसतात. माळ्याने नुकतेच पाणी मारलेल्या मातीचा वास हाच तेथील अर्धा आनंद. हा आनंद श्रमिकाचा हक्क आहे, त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. आठ तास कामाची मागणी करणाऱ्या पहिल्या कामगारांनी उरलेल्या तासांत विश्रांतीबरोबर स्वतःच्या मर्जीने जगण्याचा वेळही मागितला होता.

जोधपूरची जुनी उद्याने राजघराण्याने उभारली. १४५९ साली राव जोधाने नवे शहर वसविण्यापूर्वी मारवाडची राजधानी मंडोर येथे होती. तेथील बागेत राठोड राजांच्या दगडी छत्र्या आजही उभ्या आहेत, आणि सुटीच्या दिवशी त्यांच्या सावलीत शिदोऱ्या सुटतात. शहराच्या मध्यभागी असलेले उमेद उद्यान महाराजा उमेदसिंह यांच्या काळातले. एका व्हाइसरॉयच्या नावाने ते विलिंग्डन गार्डन म्हणून ओळखले जाई. याच महाराजांच्या काळात, १९२९ ते १९४३ या वर्षांत, उमेद भवन राजवाडा बांधला गेला. दुष्काळाने पोळलेल्या प्रजेला काम मिळावे म्हणून तो बांधला, असे अभिमानाने सांगण्यात येते. दुष्काळी कामावर हजारो माणसे होती हे खरेच. परंतु त्या कामातून प्रजेच्या वाट्याला मजुरी आली आणि राजाच्या वाट्याला राजवाडा, ज्याच्या मोठ्या भागात आज ऐषारामी हॉटेल चालते. तेवढ्याच हातांनी तेवढ्याच वर्षांत किती तळी व किती बागा झाल्या असत्या, याचा हिशेब दरबारी इतिहासकार मांडीत नाहीत. संस्थाने विलीन झाली, आणि उद्याने जनतेची झाली. ही लहान गोष्ट नव्हे. जी जागा दरबाराच्या कृपेने मिळत होती ती नागरिक म्हणून मिळू लागली, आणि म्हणूनच ती राखण्याची जबाबदारीही नागरिकांवर आली.

झाडांसाठी लढण्याचा वारसा या प्रदेशाला बाहेरून आणावा लागत नाही. जोधपूरपासून सुमारे २६ किलोमीटरवर खेजडली नावाचे गाव आहे. १७३० साली महाराजा अभयसिंहाच्या बांधकामासाठी चुना भाजावयाचा होता, भट्टीला लाकूड हवे होते, आणि दरबारची माणसे खेजडीची झाडे तोडावयास या गावी आली. अमृतादेवी नावाच्या बिश्नोई स्त्रीने झाडाला मिठी मारली. ती आणि तिच्या मुली प्रथम मारल्या गेल्या, आणि त्यांच्यामागून, बिश्नोई परंपरा सांगते त्याप्रमाणे, एकूण ३६३ माणसांनी प्राण दिले. खेजडी म्हणजे आपल्याकडील शमी. महाराष्ट्रात ती दसऱ्याच्या दिवशी पूजेपुरती आठवते. मारवाडात तिचा पाला शेळ्या-उंटांच्या पोटात जातो, शेंगा माणसांच्या ताटात येतात आणि सावली शेतात राबणाऱ्याच्या डोक्यावर असते. १९८३ पासून ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. राज्यवृक्ष ठरविल्याने झाड वाचतेच असे नाही. बिकानेर जिल्ह्यात सौरऊर्जा प्रकल्पांसाठी होणाऱ्या खेजडीतोडीविरुद्ध २०२४ मध्ये ग्रामस्थ धरण्यावर बसले. सौरऊर्जेला पुरोगामी माणसाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु स्वच्छ विजेचा नफा कंपनीला आणि उघडा माळ गावाला, ही वाटणी काही नव्याने शोधलेली नाही.

आता पाण्याकडे वळू, कारण वाळवंटात बागेचे राजकारण हे अखेर पाण्याचे राजकारण असते. पंजाबात सतलज-बियास संगमाजवळील हरिके येथून निघणाऱ्या कालव्याचा पाया १९५८ साली घातला गेला. आज इंदिरा गांधी कालवा या नावाने ओळखला जाणारा हा ६४९ किलोमीटरचा जलमार्ग जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढपर्यंत जातो. त्यातून उपसा करून जोधपूरला पाणी आणले गेले. याच कालव्याच्या पाण्याच्या हक्कासाठी २००४ साली घडसाना-रावला भागातील शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. शेकडो किलोमीटर वाहून, टप्प्याटप्प्याने वर चढवून आणलेल्या या पाण्याची एक बादली मे महिन्याच्या उन्हात विदेशी हिरवळीवर ओतणे हा केवळ उधळेपणा नाही. ज्या शेतकऱ्याने पाण्यासाठी गोळ्या झेलल्या त्याचा तो अपमान आहे. हिरवळीच्या गालिच्यावर भर दुपारी कोणी बसू शकत नाही. तो सरकारी पाहुण्यांच्या छायाचित्रासाठी असतो. कडुनिंबाचे एक पूर्ण वाढलेले झाड पहिल्या काही वर्षांनंतर पाणी फारसे मागत नाही, आणि त्याच्याखाली एक आख्खी पाळी विसावू शकते.

आणि विसंगती पाहा. कालव्याचे पाणी घरोघर आल्यानंतर जोधपूरच्या जुन्या विहिरी व पायऱ्यांच्या बावड्या, ज्यांना तेथे झालरा म्हणतात, वापरातून गेल्या. उपसा थांबला, नळांतून व तलावांतून पाझर सुरू राहिला, आणि जुन्या शहराखालील भूजल इतके वर चढले की तळघरांत पाणी शिरू लागले. वाळवंटातील शहरात लोक पंप लावून पाणी गटारात सोडीत आहेत, आणि काही फर्लांगांवर रस्त्याकडेची रोपे वाळत आहेत! टँकर व नळ्या घेऊन हे तळघरातले पाणी झाडांकडे वळविण्यासाठी परदेशी तज्ज्ञ लागत नाही. मात्र नियोजन लागते. ज्या नगरव्यवस्थेत पाणीपुरवठा एका खात्याकडे, गटारे दुसऱ्याकडे आणि बागा ठेकेदाराकडे असतात, तिला हे सुचत नाही.

कोणती झाडे लावावीत, याचे उत्तरही जोधपुरातच आहे. मेहरानगढ किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे सत्तर हेक्टर खडकाळ जागेवर २००६ पासून राव जोधा वाळवंटी शैल उद्यान उभे केले गेले. ही जागा विलायती बाभळीने गिळली होती. मध्य अमेरिकेकडून आलेले हे झाड १९३० च्या दशकात महाराजांनी विमानातून बी टाकून पसरविले, असे तिकडे सांगतात; वरून सोडलेल्या विकासाचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. तिची मुळे कठीण ज्वालामुखीजन्य खडकात इतकी खोल गेली होती की नुसते तोडून भागत नव्हते. पर्यावरणतज्ज्ञ प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली काम सुरू झाले खरे, परंतु युक्ती सापडली ती खंडवालियांकडे. खंडवालिया म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जोधपूरच्या खाणींत वालुकाश्म फोडणारे पाथरवट. हातोड्याच्या ठोक्याचा आवाज ऐकून खडक कोठे फुटेल, हे ते सांगू शकत. त्यांनी छिन्नी-हातोड्याने मुळे उकरून काढली, आणि त्याच खड्ड्यांत मारवाडच्या खडकावर स्वभावतःच वाढणारी झाडेझुडपे लावली गेली. उद्यान पाहून परतणाऱ्या प्रवाशाला या पाथरवटांविषयी चार शब्द ऐकावयास मिळाले तर बरे. याच व्यवसायातील माणसे दगडाची धूळ फुप्फुसांत भरून सिलिकोसिसने अकाली मरतात. शहर ज्यांच्या दगडाने बांधले आणि बाग ज्यांच्या हातोड्याने उभी राहिली, ते सहकुटुंब तिकीट काढून त्या बागेत किती वेळा येतात?

या संदर्भात सोव्हिएत मध्य आशियाचा अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल. ताश्कंदच्या रस्त्यांच्या दोन्ही अंगांनी ‘आरिक’ नावाचे लहान पाट वाहत. पाटाच्या कडेने झाडांच्या रांगा, झाडांखाली बाकडी, आणि पाण्यावरून येणारी झुळूक. ही रचना क्रांतीपूर्वीची, समाजवादी नगररचनेने ती नव्या वसाहतींपर्यंत नेली. अश्गाबात शहर १९४८ च्या भूकंपात जमीनदोस्त झाले होते. १९६२ साली काराकुम कालव्याचे पाणी तेथे पोचले आणि वाळवंटात बागा फुलल्या. हे यश खरे आहे. परंतु त्याच कालव्याचा बराचसा मार्ग नुसत्या वाळूतून नेलेला होता, पुष्कळ पाणी जिरून गेले, आणि कापसासाठी आमूदर्या व सिरदर्या या नद्यांतून बेसुमार पाणी वळविल्याने अरल समुद्र आटत गेला. निसर्गाशी हिशेब चुकला तर तो समाजवादी नियोजनालाही माफ करीत नाही. राजस्थानच्या प्रश्नाकडे पाहताना आपल्या साथींनी हे विसरू नये.

मूळ प्रश्न व्यवस्थेचा आहे. अनेक शहरांत उद्याने सकाळी व संध्याकाळी उघडी असतात आणि नेमकी दुपारी बंद. सकाळी फेरफटका मारणाऱ्यांची सोय होते. बारा ते चार या वेळात सावली हवी असणाऱ्या माणसासमोर कुलूप येते. कोठे देखभालीच्या नावाखाली तिकीट बसते, कोठे बाकावर आडवे होण्यास मनाई होते, मधोमध लोखंडी दांडा घालून. संध्याकाळी दिवे नसतात, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसते, आणि मग ‘बायका येत नाहीत’ अशी तक्रार होते. ज्या माळ्यांनी हे सारे जगवावयाचे ते कंत्राटावर राबतात. ऐन जूनमध्ये त्यांचा ठेका संपला की रोपे मरतात आणि पुढच्या पावसाळ्यात मंत्र्यांच्या हस्ते त्याच खड्ड्यांत नवी लावली जातात. वृक्षारोपणाची आकडेवारी फुगत जाते, सावली तेवढीच राहते.

साधने अजिबात नाहीत असे नाही. जोधपूरसाठी २०२३ साली उष्णतेविषयीचा कृती आराखडा जाहीर झाला. राजस्थानात २०२२ मध्ये शहरी रोजगार हमी योजना सुरू झाली, तिच्यात वृक्षलागवड व पर्यावरणाची कामे धरली होती. २०२३ मध्ये याच राज्याने गिग कामगारांसाठी देशातील पहिला कायदा केला, ज्याची अंमलबजावणी हा स्वतंत्र लढ्याचा विषय आहे. केरळात डाव्या आघाडीच्या सरकारच्या काळात २०२४ व २०२५ च्या उन्हाळ्यांत कामगार खात्याने दुपारी बारा ते तीन उघड्या उन्हातील कामे थांबविण्याचे आदेश दिले. असा आदेश राजस्थानात अधिकच निकडीचा आहे. परंतु काम थांबल्यावर त्या तीन तासांत बांधकाम मजुराने जावे कोठे? विश्रांतीच्या आदेशाला विश्रांतीची जागा नसेल तर मजूर त्याच तापलेल्या स्लॅबच्या कडेला बसून राहील.

म्हणून वाळवंटी शहरांतील आपल्या शाखांनी, बांधकाम, सफाई व गिग कामगारांच्या संघटनांनी आणि महिला संघटनेने प्रत्येक वॉर्डाची पाहणी हाती घ्यावी. दुपारी कोणत्या उद्यानाचे फाटक उघडे असते, आत पाणपोई आहे काय, आणि तेथे जातीपातीचा विचार न करता कोणालाही ओंजळ धरता येते काय. मजुरांच्या नाक्यापासून जवळची सावली किती पावलांवर आहे. माळी कायम आहेत की कंत्राटी, त्यांना किमान वेतन मिळते काय. तळघरांतून उपसलेले पाणी कोठे सोडले जाते. जोधपूर असो, बिकानेर असो वा चुरू, ही पाहणी मार्चअखेरपर्यंत पुरी होऊन नगरपालिकेकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे, आणि निवेदनातील पहिली मागणी दुपारी फाटके उघडी ठेवण्याची असावी. तिला एक पैसाही खर्च येत नाही, आणि ती नाकारताना प्रशासनाला निधीच्या अभावाचे कारण पुढे करता येणार नाही.